दोरीवरचा शर्ट

“दोरीवर एकाचेच कपडे असतात गं. मी बघते ना रोज,” शेजारच्या काकू सांगत होत्या.

मी त्यांच्या मागच्या दारात उभी होते. हातात त्यांचाच स्टीलचा डबा, आत रव्याचा शिरा. डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं पुण्याहून निघताना आईने शिकवलं होतं. काकू माझ्याकडे पाठ करून भेंडी चिरत होत्या. फोन खिडकीत टेकवून स्पीकरवर टाकलेला. पलीकडून, नाशिकहून, त्यांची धाकटी बहीण म्हणाली, “अगं, असतील मशीनमध्ये.”

“महिनाभर?” काकू म्हणाल्या, आणि सुरी पुन्हा चालू झाली.

मी चार पावलं मागे गेले, बागेचं फाटक मुद्दाम जोरात लावलं आणि मग हाक मारली. काकूंनी फोन बंद केला. वळल्या तेव्हा नेहमीसारख्याच हसल्या. “ये, ये. शिरा का? बरं, त्याने खाल्ली का गं परवाची आमटी?”

“हो. फार आवडली त्याला.”

आमटी मीच दोन वेळा पुरवून खाल्ली होती. माझा नवरा ऑक्टोबरमध्येच घर सोडून लीड्सला गेला होता, आणि आता एप्रिल चालू होता.

आमचं भांडण झालं नव्हतं. हेच कुणाला समजावणं सगळ्यात कठीण. लंडनमधल्या हॅरोतल्या त्या भाड्याच्या घरात तीन वर्षं आम्ही एकमेकांशी ऑफिसातल्यासारखे वागलो. प्लीज, थँक यू, तुझं झालं असेल तर मी बाथरूम वापरू का. एका संध्याकाळी तो म्हणाला, “तू घरी नसतेस तेव्हा मला बरं वाटतं.” मी म्हटलं, “मलापण.” आणि आम्ही दोघंही हसलो, लग्नानंतर पहिल्यांदाच इतके मोकळे. घटस्फोटाचा अर्ज ऑनलाइन, एकाच टेबलाशी बसून भरला. त्या अर्जात कारण विचारत नाहीत. आई मात्र दर रविवारी विचारायची. “मारत नाही, पीत नाही, बाहेर काही नाही. मग झालंय काय तुम्हाला?”

जानेवारीत आईने विचारणं सोडलं आणि बजावायला लागली. कारण जानेवारीत काकूंनी स्थळ आणलं. माझ्या फोनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो पाहिला आणि नाशिकच्या बहिणीच्या मुलासाठी तिला सुचवलं. दोघं भेटले, पसंती झाली. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलाची आई जरा कडक. “ऑगस्टमध्ये साखरपुडा, डिसेंबरमध्ये लग्न,” आई फोनवर दबक्या आवाजात म्हणाली. “तोवर तुझं हे कुणाला कळता कामा नये. मोठीचं मोडलं म्हटल्यावर धाकटीकडे कोण बघेल? आणि मुलाची मावशी तर तुझ्या शेजारीच. सांभाळ.”

सांभाळणं मला नवीन नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी माझ्या नावापुढे ‘क्वाएट चाइल्ड’ असं लिहून यायचं आणि घरी पाहुणे विचारायचे, “बोलत नाही का ही?” समोरच्याचा चेहरा आधी वाचायचा आणि मग, गरज पडलीच तर, बोलायचं, हे मी तेव्हाच शिकले. त्यामुळे खोटं बोलायला फार काही करावं लागायचं नाही. गप्प राहिलं की लोक उरलेलं आपलं आपण भरून घेतात.

काकू भरून घेत नव्हत्या. काकू मोजत होत्या.

त्या दिवशी घरी येऊन मी कपाट उपसलं. खालच्या कप्प्यात त्याचा एक शर्ट सापडला. फिकट निळा, एका बाहीचं बटण तुटलेलं, म्हणून मागे राहिलेला. स्वच्छच होता. मी तो धुतला आणि शनिवारी सकाळी बागेतल्या दोरीवर, काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वाळत घातला. वारा आला की शर्ट फुगायचा, आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखा. त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलेच नाही.

पुढच्या शनिवारी तोच शर्ट. त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी कुंपणावरून आवाज आला.

“अगं, एकच शर्ट आहे का गं त्याला?”

काकू हसत होत्या. मीही हसले. “आवडता आहे.”

“मग ऑफिसला काय तोच घालून जातो पाचही दिवस?”

“बाकीचे ड्रायक्लीनला देतो.”

“मजा आहे बाई तुझी. आमच्या ह्यांचे तर रुमालसुद्धा मीच धुतेय पस्तीस वर्षं.” एवढं बोलून त्या आत जातील असं मला वाटलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोरीकडे बघत. मी चिमटे गोळा करत राहिले. चिमटे संपले तरी.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दान आलेले जुने कपडे विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये गेले आणि पुरुषांचे तीन शर्ट घेतले. एकाच्या कॉलरला अजून आफ्टरशेव्हचा वास होता. अशा दुकानांत पुष्कळदा वारलेल्या माणसांचे कपडे येतात, हे मला माहीत होतं. तरीही मी ते पिशवीत घातले, घरी आणले, धुतले आणि माझ्या कुर्त्यांशेजारी वाळत घातले. घाईत एक गोष्ट बघायची राहिली.

“काय गं, अंगाने भरला का तो?” काकू. “केवढा तो शर्ट! दोघं मावतील त्यात.”

“हो, थोडा. जिमला जाईन म्हणतोय.”

“मग उद्याचे साबुदाणा वडे पाठवू की नको?”

“पाठवा ना.”

असा तो वाढत गेला. आधी वजन वाढलं, मग पाठ धरली, म्हणून काकूंनी वाटीभर तेल दिलं. मग तो गुरुवारी लवकर जाऊ लागला, शुक्रवारी उशिरा येऊ लागला. कुठल्या दिवशी काय सांगितलं ते मी फोनवर लिहून ठेवू लागले, कारण काकू विसरत नसत. खरा नवरा तीन वर्षांत स्वतःबद्दल जेवढं बोलला नव्हता तेवढं मी याच्याबद्दल तीन महिन्यांत बोलले. घरात शिरताना मी दार अगदी हळू लावायचे. आत कुणी नाही हे दाराच्या आवाजावरूनही कळेल असं वाटायचं. काकूंच्या खिडकीचा पडदा हलला की मी बाहेरचा दिवा लावायचे, वरच्या खोलीतलाही.

आणि या सगळ्याखाली एक गोष्ट होती, जी मी आईलाही सांगितली नव्हती. मी सुखात होते.

नोव्हेंबरपासून मी दर मंगळवारी ऑफिसनंतर पोहायला शिकायला जात होते. मोठ्या बायकांचा वर्ग. पंधरा-सोळा जणी, बहुतेक साठीच्या, कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून ओळीने उभ्या. पहिले दोन महिने मी कठडा सोडला नाही. शिकवणारी बाई एकदा म्हणाली, “तुझ्याकडे इथे कुणीही बघत नाहीये, डिअर. सगळ्या आपापल्या बुडण्याच्या काळजीत आहेत.” त्या दिवशी मी पाठीवर पडले आणि पाण्याने मला धरलं. कान पाण्याखाली गेले. काचेच्या छपरावर पाऊस पडत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. मी मोठ्याने हसले, एवढ्या मोठ्याने की दोघीतिघी वळून बघायला लागल्या, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग ट्रेनमध्ये ओल्या केसांनी बसून चिप्स खाल्ले. घरी येऊन पलंगावर आडवीतिडवी झोपले.

पण पोहण्याचा कॉस्ट्यूम मी दोरीवर कधी घातला नाही. काकूंनी विचारलं असतं, नवरा इथे असताना ही एकटी कुठे जाते. बाहेर कुणा अनोळखी माणसाचे शर्ट वाळायचे आणि कॉस्ट्यूम बाथरूमच्या रेडिएटरवर, दार बंद करून.

जुलैमध्ये बहिणीचा फोन आला. शर्टांचं तिला मी सांगितलं होतं आणि ती पोट धरून हसली होती. या वेळी ती हसली नाही.

“ताई, लग्नानंतर तुझा नवरा मीच चालवायचा ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे सणावाराला सासूबाई विचारणार, जावई कसे आहेत. मी सांगायचं, बरे आहेत, पाठ दुखतेय. हो ना? किती वर्षं?”

“आई म्हणते लग्न झालं की…”

“आई काहीही म्हणते.”

“तुला आवडतो ना तो?”

“आवडतो गं. म्हणून तर. आई म्हणते, त्याला एक शब्द बोललीस तर बघ. रोज बोलतो आम्ही आणि रोज मी ह्या विषयाला वळसा घालून जाते.”

“आणि कळल्यावर मोडलं तर?”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. “तर रडेन,” बहीण म्हणाली. “खूप रडेन. आई आली, ठेवते.”

यानंतर मी आणखी दोन शनिवार शर्ट वाळत घातले. हे सांगायला हवं. कळत होतं, तरी घातले.

दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी दुपारी काकूंनी कुंपणावरून बोलावलं. “जरा ये गं. नाशिकचा व्हिडिओ कॉल आहे. साखरपुड्याचं बोलायचंय.” मी मागचं दार नुसतं लोटून गेले. दोन मिनिटांत परतायचं होतं.

बैठकीच्या खोलीत काका आवाज बंद करून क्रिकेट बघत होते. काकूंनी मला सोफ्यावर शेजारी बसवलं, हाताला धरून. फोनमध्ये मुलाची आई, नऊवारीतल्या कुणाच्या तरी तसबिरीखाली बसलेली, चष्मा लावून, समोर वही.

“हे बघ,” ती म्हणाली, “आमच्याकडे पद्धत आहे. मुलीला बाहेर घेऊन येतात ते तिची मोठी बहीण आणि जावई. मग दोघं जोडीने पाटावर बसतात. पहिला मान तुमचा. तिकिटं काढलीत ना?”

“बघतोय आम्ही.”

“बघतोय काय? तीन आठवडे राहिले. बरं, जावयांना दे जरा फोन. सोयरीक होतेय आणि अजून आम्ही त्यांचा चेहरा पाहिला नाही.”

“तो झोपलाय.”

“दुपारी?”

“रविवार आहे गं,” काकू फोनला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. “अहो, जा हो जरा, हाक मारून आणा त्याला. म्हणावं, दोन मिनिटं ये. दार उघडंच आहे त्यांचं.”

काकांनी रिमोट खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठले, पायाने सपाता शोधू लागले. एक सापडली. दुसरी सोफ्याखाली होती आणि ते वाकून ती ओढत होते. आत जाऊन ते काय बघतील ते मला एकेक दिसत होतं: ओट्यावर एक कप, जिन्याखाली एकीचेच बूट, वर पलंगावर एक उशी. आईचा आवाज ऐकू येत होता, सांभाळ. बहीण रडताना दिसत होती, नाक लाल करून, लहानपणी रडायची तशी. आणि मी शेजारी पाहिलं तर काकू फोनकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघत असल्यासारख्या. त्यांना किती माहीत होतं आणि कधीपासून, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकांना दुसरी सपाता सापडली. ते दाराकडे वळले.

“काका, जाऊ नका. घरात कुणी नाहीये.” आवाज माझाच होता, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा. मी काकूंच्या हातातून फोन घेतला आणि त्या कडक, चष्म्याआडच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, “माझा नवरा ऑक्टोबरपासून इथे राहत नाही. आम्ही घटस्फोट घेतोय. माझ्या बहिणीला हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं. मी लपवलं. आणि मला वाईट वाटत असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाहीये. मी खूप आनंदात आहे.”