हेलसिंकीतली दगडांची भिंत

मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या शुक्रवारी चहा घेताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आदल्याच आठवड्यात मी कंपनीच्या कामासाठी हेलसिंकीला जाऊन आलो होतो. वडील तेव्हा मस्कतला माझ्याकडे राहायला आलेले, म्हणून त्यांनाही बरोबर नेलं. उभा जन्म कोकणात गडगे रचणारा माणूस. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवून कुंपणाची भिंत उभी करायची. तिथल्या पांढऱ्याशुभ्र कॅथेड्रलचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. रेल्वे स्टेशनाच्या दारातले दिवे धरलेले दगडी पुरुष मात्र त्यांनी मान दुखेपर्यंत पाहिले.

शेवटच्या दिवशी खडकात खोदलेलं चर्च बघायला निघालो, तेव्हा आमचे साहेब आणि त्यांच्या मॅडमही बरोबर आले. दारातच वडील वाकले आणि बूट काढू लागले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"आरे, देवाच्या घरात वहाना घालून कसा जायचा?"

कुणी हसलंसुद्धा नव्हतं. पण मॅडमची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि माझं डोकं फिरलं. "इथे असलं करत नाहीत. तुम्ही बाहेर बाकावर बसा," मी दातओठ खात म्हणालो. ते बूट परत चढवून बाहेर जाऊन बसले. मोठा शहाणा मी!

आत वर तांब्याचा घुमट, आणि कडेने खडकावर नुसते रचलेले दगड. "सिमेंटशिवाय हे टिकतं कसं?" साहेबांनी विचारलं. मी काहीतरी ठोकून दिलं. ज्याला ठाऊक होतं तो बाहेर वाऱ्यात बसला होता, तरी मी त्यांना बोलवायला गेलो नाही.

त्या शुक्रवारी ओमानमध्येच, रुस्ताकला कामाला असलेला आमच्या गावचा सुतार भेटायला आला.

"काका, चर्च आतून कसा होता?"

"झकास! पोराने सगळा फिरवून दाखवलान."

मी बिस्किटांची बशी सुताराकडे सरकवली.

सुतार गेल्यावर वडील चष्मा लावून माझ्याजवळ सरकले. "आता मला सांग. भिंत नुसती रचलेली, की सांध्यात दगडाच्या बारीक चिपा मारलेल्या?"

मी फोनमधले फोटो चाळत राहिलो. प्रत्येकात पुढे साहेब आणि मॅडम, मागे भिंत धूसर.

"नाही बघितलं, बाबा."

"नाय बघितलंस?" ते रागावले नव्हते. आत उभं राहूनही कुणी भिंत बघत नाही, हे त्यांना खरंच वाटेना.