सुर्ल्याच्या रुपयाचा डिचोलीत लागलेला निकाल

गेलेल्या नवऱ्याशी एक भांडण अर्धवट राहिलं होतं, ते मिटवायला मी तुयेहून डिचोलीला निघाले. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात ऋता लिहिते.

आमचे हे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. एका शनिवारी घरी आले ते चहावाल्यानं सुट्ट्यात दिलेला रुपया नाचवत. एका बाजूला सिंह नेहमीसारखे वर उठलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत खोल गेलेले. म्हणाले, "टांकसाळीची चूक गो ही!"

मी म्हटलं, "चूक कसली? गॅरेजात हातोडा मारलात तुम्ही."

सगळं घर हसलं. मग पाहुणा आला की मी हीच गोष्ट सांगायची आणि ह्यांनी गप्प बसायचं. गेल्या वर्षी हे गेले, तेव्हापासून मनात एकच: खरंच टांकसाळीची चूक असली तर?

ऋतानं डिचोलीतले नाणी जमवणारे श्रीपादबाब शोधून काढले, पूर्वीचे घड्याळजी.

सकाळची बस म्हापशाला, तिथं बदलून डिचोली. दोघींचं तिकीट शंभर-दीडशेच्या आत. म्हापशाला स्टँडजवळ पाव-पातळभाजी खा. गरम नसली तर परत पाठवा, लाजू नका. पुढं खिडकी छान, पण ट्रकांची लाल धूळ केसांत घेऊनच उतराल.

श्रीपादबाबांनी रुपया भिंगाखाली धरला आणि कपाळाला हात लावला. "आजी, हें कोणी घासलां?"

"मी. राख आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या. परक्याच्या घरी मळकी वस्तू आणू?"

"चरे पडले गे! किंमत पार उतरली."

"विकायचाय कुणाला? खरा की खोटा तेवढं सांग."

"ह्या बाजूची अक्षरं उलटी आहेत बघ."

"मला सुलटीही अशीच दिसतात, बाबा."

तो पोट धरून हसला. मग त्यानं आपल्याकडचा एक रुपया माझ्या हातात दिला. "खोल बाजू सोड, पाठीवरून बोट फिरव." ह्याच्यावरही सिंह आत गेलेले, पण पाठ चपटी, गुळगुळीत. "हा दुसरं नाणं वर ठेवून ठोकलेला. मार बसला की पाठ चेपते. आता तुझा बघ."

आमच्या रुपयाच्या पाठीवर सिंहांची आयाळसुद्धा बोटाला लागली.

"टांकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, मग पुढच्या नाण्यावर त्याचंच चित्र आत दाबलं जातं. हातोडा नाही, आजी. अस्सल चूक."

मी पाणी मागितलं. येताना बसमध्ये रुपया पदराच्या गाठीत बांधून घेतला.

संध्याकाळी शेजारी आले. माझ्या मुलानं सवयीनं सुरू केलं, "आमच्या बाबांनी एकदा हातोडा..."

"थांब," मी म्हटलं. "ते खरं बोलत होते. मीच त्यांचं हसं केलं इतकी वर्षं. आता नीट सांग."

त्यानं नीट सांगितलं. कुणी हसलं नाही. गोष्ट पूर्वीइतकी रंगत नाही आता, पण मला ऐकायला बरी वाटते.