दोरीवरचं लुगडं

सूर्यभान बी.ए. झाला तेव्हा तेल्हाऱ्यात पेढे वाटले गेले. अमरावतीच्या कचेरीत चाळीस रुपयांवर कारकून लागला तेव्हा सासऱ्याने ते पुन्हा वाटले. त्या चाळिसांत अमरावतीत माणसाला धड पाय पसरायला जागा मिळत नाही, हे पेढे खाणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

सड्या माणसाला खोली द्यायची नाही, हा घरमालकांचा हेका. महादेवराव तर त्यातले अर्क. "घरात बाईमानूस असन तरच बोला," म्हणाले, आणि भाडं असं सांगितलं की एकट्याने ते भरलं तर जेवण विसरावं! तिघांत मात्र परवडत होतं. बायको दाखवल्याशिवाय खोली नाही, आणि परक्या दोन पुरुषांत एका खोलीत बायको आणायची कशी? बी.ए.च्या कुठल्याही पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

सूर्यभानने बेधडक थाप मारली. बायको आहे, पण कडक पडद्यातली आणि दुखणेकरी. सोबत दोन धाकटे भाऊ. हे भाऊ म्हणजे शाळामास्तर खुशालराव आणि पेढीवर चिठ्ठ्या लिहिणारा केशवराव, दोघेही पदवीधर, दोघेही असेच दारोदार हिंडून थकलेले. मग त्याने गावी बायकोला पत्र टाकलं: तुझी जुनी दोन लुगडी पाठव, काम आहे.

तेव्हापासून तीन पदवीधर पाळीपाळीने पहाटे लुगडं धुवून अंगणातल्या दोरीवर टाकत. नऊवार पिळताना खुशालराव रोज शिव्या घाले. घरमालकीण माणिकबाईंचं मात्र त्या न दिसणाऱ्या बाईवर मन बसलं. सणाला तिच्यासाठी पुरणपोळ्या यायच्या, आणि हे तिघे निर्लज्ज दार लावून त्या खायचे.

तिकडे गावी त्याची बायको कौशल्या तीन वर्षं वाट पाहत होती. 'खोली मिळाली की बोलावतो' हे वाचून तिचे डोळे विटले होते, त्यात लुगड्यांचं पत्र. कोणासाठी हवीत लुगडी? लुगडी पाठवली खरी, पण काही महिने तिचं मन तिला खात राहिलं आणि एका रविवारी बोचकं बांधून ती मोटारीत बसली.

अंगणात येताच तिला दोरीवर आपलं हिरवं लुगडं दिसलं. त्यातून अजून पाणी निथळत होतं.

"कोन पायजे वो?" ओट्यावरून माणिकबाईंनी विचारलं.

"सूर्यभानजी."

"हायेत ना. बायकोजवळ बसले असतीन."

तेवढ्यात सूर्यभान बाहेर आला आणि जागच्या जागी पांढरा पडला.

"हे कोन हो?" माणिकबाई म्हणाल्या.

बायको म्हणावं तर खोली जाते. एवढा एकच विचार त्या शिकलेल्या डोक्यात आला. "बहीण," तो म्हणाला. "मायी बहीण हाय."

कौशल्याने बोचकं ओट्यावर टेकवलं. मग म्हणाली, "वयनीले भेटतो मंग," आणि त्याला बाजूला सारून तिने दार ढकललं. आत खुशालराव उघड्या अंगाने ज्वारीचं पीठ मळत होता, केशवराव कांदा चिरत होता. बाई नव्हतीच. मघाचा तो शब्द ऐकला नसता तर ती तिथेच हसत सुटली असती. आता हसू येईना.

माणिकबाईंनी मागून डोकावलं आणि एकच ओरडा केला. महादेवराव धावत आले. "काहाडा सामान! बाईच्या नावावर फसवता मले?"

"आवो, हेच मायी बायको हाय!" सूर्यभान गयावया करू लागला. "हे दोघं आत्ताच जातीन. भाडं मी एकटा भरतो, उपाशी राहीन. हे राहीन इथं."

महादेवराव थोडे निवळले. "काय वो बाई? बायको असान तर खोली तुमची. खरं काय ते तुमी सांगा."

कौशल्या दोरीवरचं लुगडं काढत होती. हेच अंगण, हीच चूल तिने तीन वर्षं मनात मांडली होती. सूर्यभानने हात जोडले.

"त्यायनं सांगतलं ना मंगाशी," ती म्हणाली. "बहीण हाय मी." तिने लुगडं पिळलं, घडी घातली. "अन् बहिणीले लुगडं देल्याबिगर वापस लावून देत नसतात. हे नेतो मी."

ओलं लुगडं बोचक्यात कोंबून ती मोटारीकडे चालू लागली.