रविवारी न खेळणारा संघ

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल क्लबला मुलींच्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन क्लब स्पर्धेचं यजमानपद मिळालं, तेव्हा मी स्टाफ मीटिंगमध्ये एवढंच विचारलं होतं, “या मुली कुठून कुठून येणार?” मी भूगोल शिकवते, त्यामुळे माझ्या तोंडून असाच प्रश्न निघणार. प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडमना रस दिसतोय.” पुढच्याच आठवड्यात आमच्या क्रीडा संचालकांचा मोटारसायकलवरून पडून गुडघा निखळला आणि संयोजन सचिव म्हणून माझी नेमणूक झाली.

फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला तिघांनी तीन तऱ्हांनी समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. पण राहण्याची सोय, गाड्या, पाणी, डॉक्टर, मैदानावर चुना मारणं ही कामं घरातलं लग्न काढल्यासारखीच असतात. ती मला जमत होती. जेवणाचं आमच्या ग्रंथपालांनी अंगावर घेतलं होतं. ते नगरच्याच जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले, निवृत्तीला आलेले, लायब्ररीत कुणी खोकलं तरी कपाळाला आठी पाडणारे गृहस्थ. भटारखान्यात मात्र ते मोठमोठ्याने हसताना दिसले.

संघ येऊ लागले तशी मी सकाळचा नाश्ता त्यांच्यातच करू लागले. काम होतं म्हणून नाही. मला ऐकायचं असायचं. केरळच्या मुलींना आमच्या जामखेडकडची पातळ तिखट आमटी इतकी आवडली की त्या वाट्या तोंडाला लावून प्यायच्या. बंगालच्या मुलींनी पहिल्याच दिवशी मासे कुठे मिळतात ते विचारलं. मिझोरमच्या मुली सगळ्यांत गप्प. पण एकदा बसमधून शहराबाहेरून येताना त्यांतल्या एकीने खिडकीतून भेगाळलेलं काळं रान पाहिलं आणि घाबरून मला विचारलं, “इथे भूकंप झाला होता का?” मी तिला काळी माती कशी फुगते आणि वाळली की कशी फाटते ते सांगितलं. मग तिने मला तिच्या गावचं मैदान सांगितलं. डोंगर कापून केलेलं, तिन्ही बाजूंनी उतार. बॉल खाली गेला की खालच्या वस्तीतलं कुणीतरी तो वर आणून देईपर्यंत सगळे गवतात बसून राहतात.

“आणि आणून नाही दिला तर?”

“देतात,” ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

शुक्रवारी उपांत्यपूर्व सामने झाले. मिझोरमच्या संघाने हरियाणाला हरवलं आणि त्यांची गाठ बंगालशी पडली. शनिवारी विश्रांती आणि उपांत्य सामने रविवारी होते. त्याच संध्याकाळी मिझोरमच्या व्यवस्थापक बाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. आम्ही दोघी हिंदीत बोलायचो, अडलं की इंग्रजीत.

“रविवारी आम्ही खेळत नाही,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कुणाचा पाय दुखावलाय. तर तसं नव्हतं. रविवार देवाचा. त्यांच्याकडे त्या दिवशी दुकानं बंद असतात, मैदानं रिकामी असतात.

“अहो, हे आधी नाही का सांगायचं?”

त्या संकोचल्या. “इथपर्यंत पोचू असं वाटलं नव्हतं.”

मला हसू आवरलं नाही. मग त्याही हसल्या. पण पेच काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

दिल्लीहून आलेल्या तांत्रिक निरीक्षकांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे नियम सांगितला. संघ मैदानात उतरला नाही तर समोरच्या संघाला पुढे चाल. सामना सोमवारी घ्यायचा तर सोमवारचा अंतिम सामना मंगळवारी जाणार, कारण एका दिवसात कुठल्याही संघाने दोन सामने खेळायचे नाहीत. आणि मंगळवारी आमच्या मैदानावर कृषी प्रदर्शनाचा मांडव पडणार होता. त्याचा शब्द प्राचार्य कधीच देऊन बसले होते.

“दोन्ही संघ तयार असतील आणि मंगळवारसाठी मापात बसणारं दुसरं मैदान मिळालं, तर मी अडवणार नाही,” निरीक्षक म्हणाले. “पण बंगाल कशाला तयार होईल? त्यांना आयतीच फायनल मिळतेय.”

मलाही तेच वाटत होतं. तरीही विचारायचं ठरवलं. खरं सांगायचं तर, ते काय म्हणतील याचं मला कुतूहलच जास्त होतं.

शनिवारी सकाळी मी बंगालच्या प्रशिक्षकांना गाठलं. पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खेळणाऱ्या मुली आहेत. त्यांनाच विचारा.” मुली व्हरांड्यात बुटांना लागलेली माती काढत बसल्या होत्या. त्यांच्यात बंगालीत जोरदार वाद सुरू झाला. शब्द कळत नव्हते, पण भांडण कळत होतं. शेवटी त्यांची कप्तान उठली. उंच, केस अगदी बारीक कापलेले. ती मला म्हणाली, “मॅडम, आम्ही पूजेच्या दिवसांतही खेळतो. घरचे सगळे नवे कपडे घालून फिरतात आणि आम्ही मैदानात असतो. मग यांनाच सवलत कशाला?”

मी म्हणाले, “हे तू त्यांनाच विचार ना.”

ती खरंच निघाली. मी मागोमाग. दुसऱ्या मजल्यावर मिझोरमची कप्तान जिन्यात बसून लेस ओवत होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी. आदल्या दिवशी दोन्ही गोल तिनेच केले होते. बंगालची कप्तान तिच्या दोन पायऱ्या खाली उभी राहिली, तरी तिच्याहून उंचच दिसत होती.

“तू रविवारी खेळलीस तर काय होईल?” तिने थेट विचारलं. “देव रागावेल?”

मिझोरमच्या मुलीने थोडा विचार केला. तिची हिंदी मोडकी होती.

“देवाचं माहीत नाही. आई रागावेल.”

बंगालची मुलगी फिसकन हसली. मिझोरमची मात्र गंभीरच होती. शब्द शोधत शोधत ती पुढे म्हणाली, “लहान होते तेव्हापासून रविवारी बॉल पलंगाखाली ठेवते. सगळे रविवारची वाट बघतात, मी सोमवारची बघते. उद्या मैदानात गेले तरी माझे पाय नाही चालणार. मग तू मला नाही हरवलंस. तू दुसऱ्याच कुणाला तरी हरवलंस.”

मग बंगालच्या कप्तानने तिच्या हातातला बूट घेतला, चुकीच्या भोकात गेलेली लेस काढून नीट ओवून दिली आणि म्हणाली, “ठीक आहे. सोमवारी हरवते.”

खाली येऊन तिने आपल्या मुलींना काय सांगितलं कोण जाणे. एकदोघी शेवटपर्यंत कुरकुरत होत्या. प्रशिक्षक मला म्हणाले, “परतीच्या तिकिटाचं आम्ही बघतो. तुम्ही मैदानाचं बघा.”

केरळ-गोव्यानेही एक दिवस लांबायला हरकत घेतली नाही. मैदान मिळालं पुणे रस्त्यावरच्या सुप्यात. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला फोन केला. “मॅडम, आमची पोरं शिफ्ट सुटल्यावर एका मैदानावर खेळतात. माप घेऊन बघतो,” तो म्हणाला. तासाभराने त्याचा फोन आला. मैदान मापात बसत होतं, फक्त एका अंगाला किंचित उतार होता आणि गोलपोस्ट नव्हते. निरीक्षक स्वतः जाऊन पाहून आले आणि उतारावर काही बोलले नाहीत. गोलपोस्ट आम्ही आमचेच टेम्पोतून न्यायचं ठरवलं.

रविवारी सकाळी व्यवस्थापक बाईंनी विचारलं, “इथे चर्च आहे का?” ग्रंथपाल जवळच उभे होते. त्यांनी एप्रन काढला आणि म्हणाले, “चला आमच्याकडे.” दुपारी केरळ आणि गोव्याचा सामना होता, तोवर मला वेळ होता. मीही निघाले. त्या चर्चवरून मी कितीतरी वर्षं स्कूटरने जात होते, आत कधी गेले नव्हते.

आत चपला काढून सतरंजीवर बसलेल्या बायका, मागे खुर्च्यांवर म्हातारी माणसं, पुढे पेटी आणि तबला. गाणी मराठी, चाली आपल्या भजनासारख्या. मिझोरमच्या मुली तबलजीच्या हाताकडे डोळे फाडून बघत होत्या. देवाच्या गाण्याला तबला हे त्यांना नवीन होतं. आणि चर्चमधलं मराठी इतकं साधं, शेतकऱ्याच्या घरातलं असू शकतं, हे मला नवीन होतं. पाळक साहेबांनी पाहुण्यांना गाण्याचा आग्रह केला. मुली उभ्या राहिल्या. व्यवस्थापक बाईंनी नुसती हनुवटी वर केली आणि त्या गायला लागल्या. वाद्य नाही, काही नाही. एकाच गाण्याचे चार आवाज चार वाटांनी निघाले आणि मधूनच एका ठिकाणी येऊन भेटत होते. ज्या मुली नाश्त्याला मीठ मागतानाही लाजायच्या, त्यांच्या आवाजाने खिडक्या भरून गेल्या.

माझ्या शेजारच्या आजींनी मला कोपराने ढोसलं. “ह्ये कुन्या देशाचं गानं हाय वो?”

“आपल्याच देशातलं आहे, आजी. लांबचं.”

“लई ग्वाड हाय. समजंना काईच, पन ग्वाड हाय.”

बाहेर पडल्यावर मी व्यवस्थापक बाईंना गाण्याचा अर्थ विचारला. त्यांनी सांगायला सुरुवात केली, थांबल्या, पुन्हा सुरुवात केली आणि म्हणाल्या, “नाही येत सांगता. हिंदीत फारच छोटं होतंय.”

सोमवारी सकाळी सामना झाला आणि मिझोरमचा संघ हरला. एका गोलने. तो गोल बंगालच्या कप्ताननेच केला. ठेंगणी कप्तान शिट्टी झाल्यावर मैदानात पालथी पडून रडली आणि कुणी उठवायला गेलं की हात झटकत होती. मी व्यवस्थापक बाईंच्या शेजारी उभी होते. एवढी उठाठेव करून असं व्हावं, याचं मलाच वाईट वाटत होतं.

“वाईट वाटतंय?” मी विचारलं.

“खूप. त्या शेवटच्या मिनिटात आमची बचावफळी झोपली होती,” त्या चिडून म्हणाल्या. रविवारचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता.

मंगळवारी दुपारी, लाल फडकं बांधलेले गोलपोस्ट घेऊन टेम्पो पुणे रस्त्याने सुप्याला पोचला. मिझोरमच्या मुलींना पुण्याहून परत जायचं होतं. सुपा वाटेवरच म्हणून त्यांचीही बस थांबली. अंतिम सामना बंगाल आणि केरळ यांचा. प्रेक्षक कोण येणार याची मला धास्ती होती. कॉलेजपासून इतक्या लांब आमची मुलं फार येणार नव्हती. पण सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात कारखान्यांची शिफ्ट सुटली. माझ्या विद्यार्थ्याने सगळीकडे सांगून ठेवलं होतं. रस्त्याने माणसं येऊ लागली, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. निळे कोट, डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात डबे. त्या पुरुषांपासून वेगळ्या, उताराच्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या.

“पोरीच हायती व्हय दोन्ही बाजूनी?” एकीने मला विचारलं.

“हो, पोरीच.”

“आन् ती शिट्टीवाली?”

“तीपण बाईच.”

मग तिने डबा खाली ठेवला आणि शेजारणीला हाक मारली, “अगं ये इकडं, शिट्टीवालीबी बाईच हाय!”

केरळचा संघ जिंकला. त्या उताराचा फायदा दुसऱ्या अर्ध्यात त्यांना झाला, असं बंगालचे प्रशिक्षक मिशीतल्या मिशीत म्हणाले, पण तक्रार केली नाही. बक्षीस समारंभ झाला. प्राचार्यांचं भाषण वाऱ्यावर उडून गेलं. पाहुणे गाड्यांकडे वळले, तेव्हा एक बॉल घरंगळत उताराच्या बाजूला गेला आणि निळ्या कोटातल्या बायकांच्या पायाशी थांबला. कुणीच हात लावेना. केरळची गोलरक्षक तिथून चालली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, उलटी फिरली, गोलपोस्टमध्ये जाऊन उभी राहिली आणि हातमोजे एकमेकांवर आपटून बोलावल्यासारखं केलं.

मघाची ती बाई पुढे झाली. चपला काढल्या, कोटाच्या आतून पदर खोचला आणि धावत जाऊन लाथ मारली. बॉल गोलपोस्टच्या बराच बाहेर गेला. बाकीच्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. लगेच दुसरी आली, मग तिसरी. मिझोरमच्या मुली बसमधून उतरून बॉल आणून द्यायला लागल्या. सामान भरून झालं होतं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि व्यवस्थापक बाई पायरीवर उभ्या राहून त्याला सांगत होत्या, “थोडं थांबा. अजून रांग आहे.”