पाहुणेपणाचा पावसाळा

लग्नाला जेमतेम महिना झाला असेल. आम्ही दोघं सुरतेहून निघालो आणि सोनगडच्या पुढे, उकाई धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावर राहायला गेलो. नव्वदच्या दशकात तो सगळा मुलूख सुरत जिल्ह्यातच मोडायचा. हे नवेकोरे सुवार्तिक, येशूची शिकवण सांगत फिरणारे, आणि मी त्यांची नवीकोरी बायको. मी वाढले सुरतेतल्या बमरोलीत, कापडाच्या लूमच्या खडखडाटात. वडील नवापूरकडून येऊन तिथे कामाला लागले होते. निघताना आई रडत म्हणाली, "तठे कसाले जाशी व माय? तठे ना लाइट, ना नळ." मी एवढी खुशीत होते की बसमध्ये तिच्या रडण्याची नक्कल करून यांना हसवलं. देवाच्या कामाला निघालेल्या बाईनं इतकं खिदळू नये, असं हे म्हणाले आणि स्वतःच माझ्यापेक्षा जोरात हसले.

पाड्यावरची माणसं फार चांगली निघाली, तीच पंचाईत झाली. गावात खुर्ची एकच, कारभाऱ्याची, लोखंडी. हे ज्या अंगणात जायचे तिथे ती कुणीतरी डोक्यावर घेऊन आधीच पोचवायचं. "बेसो साहेब, बेसो." हे खुर्चीवर, बाकी सगळे खाली. यांनी देवाच्या प्रेमाबद्दल काहीही सांगितलं तरी मंडळी मान डोलावून "हां, बरोबर" म्हणायची आणि आपापल्या कामाला जायची. एकदा हे हट्टानं जमिनीवर बसले. त्याबरोबर सगळा पाडा दचकून उभा राहिला! साहेब खाली आणि आपणही खाली, हे कसं चालायचं? मी तोंडात पदर कोंबून घरामागे पळाले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

माझीही तीच गत होती. पाण्याला निघाले की कुणीतरी हंडा काढून घ्यायचं. सारवायला बसले की शेजारीण दंडाला धरून उठवायची. ती माझ्याच वयाची, कडेवर सदा एक गुटगुटीत पोर. "तमे बेसो, बेन," म्हणायची आणि माझं अंगण स्वतः सारवून द्यायची. मला इतका राग यायचा! एवढ्या मायेनं वागणाऱ्या माणसावर रागावायचं तरी कसं?

पावसाच्या तोंडावर सुरतेच्या आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. दिवसभर त्यांनी सगळं पाहिलं आणि जाताना म्हणाले, "ज्याला कुणी काम सांगत नाही तो पाहुणा. आणि पाहुण्याचं बोलणं माणसं नुसती ऐकून घेतात. भाताची आवणी संपता संपता मी येईन. तोवर असंच राहिलं, तर सामान बांधायचं. बमरोलीत चर्चच्या मंडळीचं काम आहेच." ते प्रेमानंच बोलले. बमरोलीत आई होती, नळ होता, रात्रीचे दिवे होते. तरी मला जायचं नव्हतं. त्या पाड्यावर माझा जीव जडला होता.

मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली, तशी मी कुणाला न विचारता साडीचा काचा मारून शेजारणीच्या शेतात उतरले. दुसरं पाऊल टाकलं आणि चिखलात फतकल मारून बसले. बायका आधी घाबरल्या. शेजारीण मला उठवायला धावली आणि माझ्या अंगावरच पडली. मग मात्र जे हसू फुटलं ते आवरेना. एक थांबली की दुसरी सुरू. बैलांमागचे पुरुष थांबून बघायला लागले, त्यानं आम्हांला आणखी चेव आला. मी चिखलात लोळतच होते. मग उठून संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर रोपं लावली, आणि मला वाटलं, जमलं!

कसलं जमलं! दुसऱ्या दिवशी पाहते तर मी लावलेली सगळी रोपं सुटून पाण्यावर तरंगत होती. शेजारणीनं ती निमूट पुन्हा लावली आणि मला बांधावर बसवलं. "बेसो, बेन." मी घरी आले आणि ढसाढसा रडले.

पाळकसाहेब यायच्या दिवशी सकाळी मी खरंच भांडी बांधायला घेतली होती. आभाळ भरून आलेलं, थोडी वावरं उरलेली. एरवी पोरं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याही शेतात निघाल्या होत्या. यांना कुणीतरी रोपांच्या जुड्या वाहायला हाक मारून नेलं. तेवढ्यात शेजारीण दारात आली आणि काही न विचारता तिनं पोर माझ्या मांडीत टाकलं. "तने रोपतां नी आवडे. आने राख." तुला लावता येत नाही, तर याला सांभाळ! आजवर मला 'तमे' म्हणणारी बाई चक्क अरेतुरेवर आली होती. "रडे तो पेज आपजे," रडलं तर पेज दे, असं ओरडत ती निघूनही गेली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. बघता बघता घर पोरांनी भरलं. कुणी चुलीतली राख फासून घेतली, कुणी माझ्या बांधलेल्या भांड्यांचं गाठोडं सोडलं. शेजारणीच्या पोरानं माझं लुगडं ओलं केलं, आणि मी एकटीच वेड्यासारखी हसत सुटले.

दुपारी पाळकसाहेब दारात उभे राहिले. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "मग, निघायचं ना?"

"आज कसं निघणार?" मी म्हणाले. "या पोरांच्या आया संध्याकाळी येतील."

ते पायातल्या चपला काढून आत आले, एका रडक्या पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती गप्प होईपर्यंत येरझाऱ्या घातल्या. दुपारच्या जीपनं ते एकटेच परत गेले. त्यांना पोचवायला मला दारापर्यंतही जाता आलं नाही, कारण शेजारणीचं पोर नुकतंच माझ्या मांडीवर झोपलं होतं.