येळवशीचा नारळ

पुढच्या सोमवारी सोलापूरला माझा उजवा गुडघा बदलणार आहेत. तो नीट बसला की काही महिन्यांनी डावा. आमच्या गल्लीत याला वाट्या बदलणं म्हणतात. नळावर गेलं की कुणीतरी विचारतंच, "बाई, कधी बदलायच्या वाट्या?" जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवल्यामुळे मी अख्ख्या गावाची बाई आहे. भीती वाटती का, असंही विचारतात. मी न्हाय म्हणते. आनंद झाला असंल की मग? व्हय म्हणते. त्यातलं पहिलं खरं आहे आणि दुसरं खोटं. मला काहीच वाटत नाही.

तयारी मात्र चोख आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून परसातल्या संडासात कमोड बसवला. गवंडी गेल्यावर शेजारणी एकेक करून बघून गेल्या. एकीनं तर बसून पाहिलं आणि "लई बेस हाय" असं प्रमाणपत्रही दिलं. वॉकर आणलाय, त्यावर सध्या टॉवेल वाळतात. पिशवीत दोन गाऊन, स्टीलचा पेला, रक्ताचे रिपोर्ट. ती पिशवी मी रोज उघडते, सगळं आहे ना ते बघते आणि परत बांधते. महिनाभर हेच चाललंय. वाट बघण्यातलं एवढंच मला जमतं.

दुखणं अकरा वर्षांचं. आधी फळ्यापाशी उभं राहिलं की कळ यायची. मग खाली बसताना, मग उठताना, शेवटी झोपेत कूस बदलताना. निरगुडीचा पाला बांधून झाला, तेलं झाली, बाजारातल्या एका माणसाचा काळा लेप झाला. त्यानं फक्त चादर काळी झाली. पण आमच्याकडे गुडघे दुखतात हे सांगणं म्हणजे ऊन पडलंय हे सांगणं. पन्नाशीपुढच्या कुठल्या बाईचे दुखत नाहीत? नवऱ्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "वय झालं आता. चालायचंच." स्वतः दिवसातून दोनदा शेतात चालत जातो, त्याला काय. त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे बघून ऑपरेशन सांगितलं, तेव्हाही "बघू" म्हणून मीच तो कपाटावर टाकला. मुलीचं लग्न होतं, मग बोअर आटलं, मग मला सवयच झाली. कुणी अडवलं नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

सहा वर्षांपासून मी येळवशीला शेतात जात नाही. आमच्या भागात येळवस म्हणजे सगळ्यात मोठा सण. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत पांडवांची पूजा होते आणि पै-पाहुण्यांसकट तिथंच जमिनीवर बसून जेवायचं. आदल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी करते, आंबील करते, बाजरीचे उंडे करते. सकाळी सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवतात. मला त्या ट्रॉलीत चढणं जमत नाही आणि चिखलवाटेनं चालणं तर नाहीच. पहिल्या वर्षी सगळ्यांनी दोनदा-दोनदा विचारलं. दुसऱ्या वर्षी एकदा. पुढं माझं ताट संध्याकाळी डब्यात यायला लागलं.

खोटं कशाला बोलू, मला तो दिवस आवडायला लागला. नऊ वाजले की गल्लीत चिटपाखरू राहत नाही. कुत्रीसुद्धा ट्रॉलीमागं जातात. अशाच एका येळवशीला उंबरा ओलांडताना तोंडातून "आई गं" निघालं, चांगलं खणखणीत. मी दचकून इकडं-तिकडं पाहिलं. ऐकायला कुणीच नव्हतं. मग पुन्हा ओरडले. त्यानंतर दर येळवशीला मी वर्षभराचं कण्हून घ्यायचे. देवाला, डॉक्टरला, गुडघ्यांना, नवऱ्याला नावं ठेवत घरभर फिरायचे. संध्याकाळी सगळे परतले की मी पुन्हा बाई.

गेल्या येळवशीला ट्रॉली गेल्यावर बघितलं तर पूजेचा नारळ देवघराच्या फळीवरच राहिलेला. मीच ठेवला होता आणि मीच द्यायला विसरले होते. फोन करावा असं वाटलं, मग म्हटलं जाऊ दे, शेजारच्या शेतातून घेतील एखादा. परसात आंबिलीची भांडी घासायला बसले. बसायला नको होतं. ओट्यावर घासता आली असती, पण कुणी नाही म्हटल्यावर उगाच बसले, आणि भांडी झाल्यावर मला उठता येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. ऊन पायावरून भिंतीवर गेलं. मी ओरडत होते, रडत होते. "वय झालं म्हणतो! ह्याच्या गुडघ्यात घाला म्हणावं हे खिळे, मग कळंल वय!" असलंही काय काय बोलले. माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते. शेवटी रांगत हौदापर्यंत गेले आणि त्याचा काठ धरून उभी राहिले.

घरात येऊन पाहते तर फळीवर नारळ नव्हता.

चोर आला म्हणावं तर शेजारीच माझा मोबाइल पडला होता. दार मी ओढून घेतलं होतं, ते अर्धं उघडं होतं. उंबऱ्यावर काळ्या मातीचं ढेकूळ होतं, चपलेच्या टाचेतून पडावं तसलं. शेतातून कुणीतरी मोटारसायकल घेऊन आलं असणार आणि गेलं असणार. माझ्याच आवाजात मला ती ऐकू आली नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं डबा ठेवला आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"नारळ कुणाचा फोडला?" मी विचारलं.

"आपलाच," तो म्हणाला, आणि टीव्ही लावला.

आठवड्यानं त्यानं कपाटावरचा एक्स-रे काढला आणि मला न सांगता एसटीनं सोलापूर गाठलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "तारीख धरलीय. जवारी निघाली की." मी "बरं" म्हणाले. चार वर्षं कपाटावर पडलेली गोष्ट झाली, तेव्हाही आत काही हललं नाही. गावाला मी सांगितलं की पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या पोरानं हट्ट धरला.

पण एक गोष्ट मात्र टोचत राहिली. बाकी सगळं बधिर आणि तेवढंच एक जागं. एक्स-रे काढला तेव्हाच कळलं होतं, नारळ न्यायला हाच आला होता. हा माणूस दारात उभा होता. मी दहा पावलांवर जमिनीला खिळलेली. यानं ऐकलं, नारळ उचलला आणि गेला. मला उठवलं नाही. भूल दिल्यावर कुणी उठतं, कुणी उठत नाही. हा राग पोटात घेऊन मला त्या टेबलावर झोपायचं नव्हतं.

काल विचारलं. ज्वारी निघालीय, त्यामुळे तो दिवसाउजेडी घरात होता, बातम्या बघत. मी खुर्चीत होते.

"येळवशीला तुम्ही नारळ न्यायला आला होता ना?"

"व्हय," तो टीव्हीकडं बघतच म्हणाला.

"मग मला उठवलं का न्हाय?"

"म्होरं आलो असतो तर तू गप झाली असतीस." वर म्हणाला, "परसाच्या कुडाआड थांबलो होतो. हौदापाशी उभी राहिलेली दिसलीस, मग गेलो."

ते खरं होतं. मी गप झाले असते. पदरानं तोंड पुसून, कुठं काय, भांडी घासत होते, असं म्हणाले असते. अकरा वर्षं मी तेच केलं होतं आणि वर तोच ऐकत नाही म्हणून त्याच्यावर रागावले होते.

"पुढच्या येळवशीला खुर्ची नेऊ," तो म्हणाला. "डॉक्टर खाली बसू नका म्हणाले ना."

चहा ठेवायची वेळ झाली होती. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. कळ आली, रोजच्यासारखी. दात आवळायला गेले आणि तसंच सोडून दिलं. "आई गं," मी म्हणाले, त्याच्यासमोर, चांगलं मोठ्यानं.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.