मारिसोल सिस्टरच्या वाटचं गाऱ्हाणं

मारिसोल सिस्टर मूळची फिलिपाइन्सची, पण विक्रोळीत तिला कोणी नेपाळची म्हणतं, कोणी मणिपूरची. सुरुवातीला ती प्रत्येकाला समजावत बसायची. आता नाही. सांगून सांगून मेटाकुटीला आली बिचारी. "हो बाई, नेपाळची," म्हणते आणि पुढच्या दाराची कडी वाजवते.

काम काय, तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुसायचं, कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायच्या. तिच्या नन्सच्या संघाच्या तिघीजणी इथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. एका कोपऱ्यात क्रूस टांगलाय, तेच त्यांचं प्रार्थनाघर. बाकीच्या दोघी केरळच्या, तरण्याताठ्या, जिने पळत चढणाऱ्या. मारिसोलने पन्नाशी ओलांडलेली. तिचे गुडघे असे वाजतात की तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला ती येतेय हे आधीच कळतं!

पण गुडघ्यांचं सोडा हो. खरं दुखणं वेगळंच होतं. गेल्या वर्षी तिकडे तिची आई वारली, हिला वेळेत पोचता आलं नाही, आणि तेव्हापासून हिची प्रार्थनाच आटली. पहाटे क्रूसासमोर बसायची, तोंड उघडायची, आणि आतून काही म्हणजे काही येत नसे. पाठ केलेले शब्द होते, पण ते रिकाम्या डब्यात चमचा फिरवल्यासारखे. दिवसभर लोकांचं उष्टंखरकटं काढून संध्याकाळी पुन्हा तिथेच बसायचं, पुन्हा तेच. ज्याच्यासाठी घरदार सोडून समुद्र ओलांडला, त्याच्याशीच बोलता येईना, हे सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने? लाजेने अर्धी झाली होती ती.

शेवटी मनिलाहून संघाच्या मोठ्या मदरचा फोन आला. थकलीस असं ऐकते, म्हणाल्या. राहतेस की परत येतेस ते रविवारी संध्याकाळी सांग. मारिसोलने परत जायचं जवळजवळ ठरवलंच होतं. देवाशी अबोला धरलेली सिस्टर इथे ठेवून करायचीय काय?

त्या रविवारी ती शेवंतीकाकूंकडे गेली. काकू कणकवलीकडच्या. नवरा मधुकर गिरणीत होता, आता अर्धांगवायूने पडून. हा मधुकर म्हणजे अख्ख्या चाळीचा गाऱ्हाणं घालणारा माणूस. कोणाकडे काही शुभ असलं की देवापुढे नारळ ठेवून खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही त्यांच्या कोकणातली रीत. मधुकरचा आवाज खाली पानवाल्यापर्यंत जायचा. आता त्याच तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आज मुलीसाठी नारळ ठेवला होता. श्रुतिका सोमवारपासून मरोळच्या एका कंपनीत लागणार होती. सिस्टर मधुकरची पाठ पुसत असताना काकू म्हणाल्या, "शिस्टर, तू पण पोरीसाठी तुझ्या देवाकडे सांग गो."

झालं! सिस्टरचा हात तिथेच थांबला. "मला येत नाही, काकू. आईचं शेवटचं तोंड बघता आलं नाही, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून प्रार्थना येतच नाही. मी परत जाते आता." आणि ती बाई हातातल्या ओल्या फडक्यासकट रडायला लागली.

श्रुतिका गडबडली. काकू मात्र डाफरल्या, "मगे काय झाला? ह्यांका तरी खय येता आता? गो, गाऱ्हाणा एकानच घालूचा आसता. बाकीच्यांनी नुसता व्हय म्हणूचा!"

"पण आई, घालणार कोण? बाबांशिवाय..."

"मी घालतंय. बायकांनी घालूचा नाय म्हणान कोणी सांगितल्यान?" काकूंनी पदर खोचला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलोय, तो गोड मानून घे. पोरीक नोकरी लागली हा, तिका येश दी!"

"व्हय म्हाराजा," श्रुतिका म्हणाली.

"आणि ही आमची शिस्टर. आपलो मुलूख सोडून आमची घाण काढता. तिची आवस गेली, तिका शेवटचा तोंड बघूक गावला नाय. तिचा मन थकला आसा. ता तुका सांगूक तिच्याकडे शब्द नाय, म्हणान मी सांगतंय. तिचो हात सोडू नको रे म्हाराजा!"

खाटेवरून घोगरा आवाज आला, "व्... व्हय." मधुकरचा! वाकड्या तोंडातून लाळ गळत होती, तरी त्याने पुन्हा म्हटलं. सिस्टरने त्याची हनुवटी पुसली आणि त्याच्यामागोमाग तीही म्हणाली. अगदी हळू, पण म्हणाली.

घरी जाताना गुडघे तसेच दुखत होते. संध्याकाळी क्रूसासमोर बसली तेव्हा आत तीच शांतता होती. काही चमत्कार-बिमत्कार झाला नाही. केरळच्या दोघी प्रार्थना म्हणत राहिल्या, ही मागे भिंतीला टेकून ऐकत राहिली. उठून मात्र गेली नाही.

मग फोन वाजला. "काय ठरवलंस, मारिसोल?" मदरने विचारलं.

"राहते, मदर. उद्या मधुकररावांची पाठ धुवायचीय."

"आणि प्रार्थना? येतेय आता?"

"नाही, अजून नाही." मारिसोलने डोळे पुसले. "पण इथे एक बाई आहे, ती माझ्या वाटची करते. मी फक्त हो म्हणते."